गाडीची धिंड काढायची म्हणतोय, फ्लेक्स छापून आलाय

खंबाटकी_वरचा_टप्पा
मंडळी नमस्कार, एरवी मी वाचनमात्र असतो पण आज डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय, लांबण लागेल, आधीच माफी.

चौदा महिन्यांपूर्वी ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली, ऑन रोड साडेसतरा लाख. कंपनीचं नाव इथे टाकत नाहीये, व्यनितही (खाजगी निरोपातही) विचारू नका. गिअरबॉक्स डीसीटी, म्हणजे डबल क्लचवाला. हायवेला गाडी लोणी आहे, खोटं कशाला बोलू. पण चढावर ट्रॅफिक लागलं आणि इंच इंच सरकायची वेळ आली की पंधरा-वीस मिनिटांत आधी गचके द्यायला लागते, मग समोर मेसेज येतो की ट्रान्समिशन गरम झालंय, गाडी सुरक्षित जागी थांबवा. खंबाटकी घाटात दिवाळीच्या आदल्या दिवशी सुरक्षित जागा कुठे असते ते मेसेज लिहिणाऱ्याने मला येऊन दाखवावं. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर फराळाचा डबा, मागे चौदा चाकी ट्रक, आणि गाडी ऍक्सिलेटर दाबला तरी जागची हलेना. बायको खाली उतरून ओढणी हलवत ट्रकवाल्यांना बाजूने काढत होती. वीस मिनिटांनी सेल मारला तर गाडी अशी निघाली जणू काही झालंच नव्हतं.

तेव्हापासून नऊ वेळा वर्कशॉपला नेली. नऊच्या नऊ जॉबकार्डांवर एकच ओळ, "नो ट्रबल फाऊंड, रोड टेस्ट ओके". रोड टेस्ट कुठे, तर सकाळी साडेदहाला बायपासच्या सर्व्हिस रोडला दोन किलोमीटर, रिकाम्या रस्त्यावर. दर वेळी गाडी धुऊन पुसून डॅशबोर्डला पॉलिश मारून परत देतात आणि वर ती मुलगी फोन करते, सर फीडबॅकला दहापैकी दहा द्या हं, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात. मी देतोही. तिची काय चूक.

आता सहा बाय तीनचा फ्लेक्स छापून आणलाय, "मी साडेसतरा लाखांचा गाढव". रविवारी गाडीला खरोखरचं गाढव जुंपून शोरूमपर्यंत मिरवणूक, ताशा ओळखीचा आहे. घरून विरोध आहे. तुमचं काय म्हणणं? कोणी असं केलंय का, उपयोग होतो का?

चिवडा_विथ_चहा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. फ्लेक्सवर एखाद्या भाऊंचा आणि दादांचा फोटो टाका, खाली "शुभेच्छुक" म्हणून दहा-बारा पोरं. मग कॉर्पोरेशनची काढायची हिंमत नाही.

अंबाजोगाईकर
भाऊ ह्याच्यात आमच्या जिल्ह्याचा नंबर पहिला आहे बरं का, म्हणजे महाराष्ट्रातून तरी. एप्रिल २०२२ ला परळीत एकानं ओलाची इलेक्ट्रिक स्कूटर गाढवाला बांधून गावभर फिरवली हुती, बॅनर लावून. घेतल्यावर थोड्याच दिवसांत बंद पडली, कंपनीकडून काही दाद लागंना, म्हणून. मी तवा पुण्यात हुतो, व्हिडिओच पाहिला, पण त्या आठवड्यात ज्यानं त्यानं मलाच फॉरवर्ड केला, तुमच्या गावाकडचा हाय का म्हणून. गाढव बिचारं शांत, मागं चकचकीत गाडी.
त्याच महिन्यात तमिळनाडूत आंबूरजवळ एका डॉक्टरनं तर स्वतःच्याच स्कूटरवर पेट्रोल वतून पेटवून दिली. ते मातर करू नगा.

धुरळा
त्याला मागची पार्श्वभूमी पण होती. मार्च २०२२ च्या शेवटी पुण्यात लोहगाव भागात ह्याच कंपनीची स्कूटर रस्त्याकडेला उभी असताना पेटली होती, तो व्हिडिओ देशभर फिरला. मग एप्रिलमध्ये कंपनीने १,४४१ गाड्या तपासायला परत बोलावल्या. ओकिनावा आणि प्युअर ईव्ही ह्या दुसऱ्या ई-स्कूटर कंपन्यांनी ३,२१५ आणि २,०००. म्हणजे गाढवाचा व्हिडिओ आला तो लोक आधीच घाबरलेले असताना, म्हणून एवढा चालला. वेळ साधणं म्हणतात ते हेच.

खंबाटकी_वरचा_टप्पा
माझी पेटत नाही हो, नुसती रुसते.

रानवारा
गाढवाचं काय पाप आहे ते कळेल का? दोन टनाची गाडी एका गाढवाला ओढायला लावणार, भर उन्हात, ताशाच्या आवाजात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, एखाद्या प्राणीमित्राने तक्रार केली तर शोरूमवाला राहील बाजूला आणि तुम्हीच चौकीत बसाल.

बेलदारवाडा
ताई बरोबर बोलल्या पण त्याच्या आधी मला एक सांगायचंय, गाढव मिळतंय कुठं? माझे आजोबा गाढवांवरनं माती वाहायचे म्हणून बोलतो. पौष पौर्णिमेला जेजुरीला बाजार भरतो, मढीला रंगपंचमीला भरतो, तिथं काठेवाडी गाढवाची बोली ऐकली तर तुम्ही गाडीचा ईएमआय विसराल. आणि चांगलं जनावर कोणी असल्या तमाशाला देत नाही, बुजलं तर महिनाभर कामाला लागत नाही. शहरातले लोक गाढव म्हणजे फुकट समजतात. आणि फ्लेक्सवर पण त्याचीच बदनामी. ते तर दिवसभर न थांबता घाट चढतंय, तुमच्या गाडीला जे जमंना ते.

चिवडा_विथ_चहा
वरच्या प्रतिसादाला +१०००. फ्लेक्स बदला, "गाढव घेतलं असतं तर बरं झालं असतं".

टॉर्क_रेंच
मूळ प्रश्नाकडे येऊ का? गाढव हा आपल्याकडचा जुनाच फॉर्म्युला आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये उदयपूरला एमजी हेक्टरवाल्याने केला होता, गाडीवर "गधा गाडी" लिहून. आणि त्या सगळ्याचा मूळपुरुष म्हणजे अलवरचा महाराजा, ज्याने लंडनच्या शोरूममध्ये अपमान झाला म्हणून रोल्स रॉईसेस विकत घेऊन त्यांना झाडू बांधून कचरा गोळा करायला लावलं.

जुनी_पोथी
अहो तो अलवरचा किस्सा पुराव्याने शाबित नाही. कधी अलवर, कधी हैदराबादचा निजाम, कधी पतियाळा, ज्याला जो राजा आवडतो तो घालतो. जे झाडूवाले फोटो फिरतात ते टायरपुढचे खिळे-खडे बाजूला व्हावेत म्हणून लावलेल्या झाडूंचे असतात, जुन्या गाड्यांना तशी पद्धत होती आणि रोल्स रॉईस सोडून इतर गाड्यांचेही फोटो तसे सापडतात. ऐकायला गोड आहे, एवढंच.

टॉर्क_रेंच
आमच्या बालपणाची वाट लावलीत.

चाकण_ते_शांघाय
ह्या विषयात चीनचा हात कोणी धरू शकणार नाही. मी नोकरीनिमित्त तीन वर्षं तिकडे होते, ऑफिसातले लोक हे किस्से आपण क्रिकेटचे सांगतो तसे सांगायचे. २००१ च्या डिसेंबरमध्ये वुहानला एका प्राणिसंग्रहालयाच्या मालकाने मर्सिडीज एसएलके बैल लावून गावातनं ओढत नेली आणि माणसांकडून घणाने फोडून घेतली. २०११ ला चिंगदाओमध्ये लॅम्बोर्गिनी फोडली, तारीख मुद्दाम १५ मार्च, जागतिक ग्राहक हक्क दिन. त्या रात्री तिकडे सरकारी टीव्हीवर दरवर्षी कार्यक्रम असतो, कंपन्यांचे वाभाडे काढणारा, मोठमोठ्या कंपन्यांचे पीआरवाले त्या रात्री झोपत नाहीत. २०१३ च्या कार्यक्रमात फोक्सवॅगनचा डीएसजी गिअरबॉक्स घेतला, जो म्हणजे तुमच्या डीसीटीचाच भाऊ. काही दिवसांत पावणेचार लाखांवर गाड्या रिकॉल.

पण मला दोन बायकांचे किस्से सांगायचेत. पहिली शीआनची, एप्रिल २०१९. ६,६०,००० युआनची नवी कोरी मर्सिडीज, शोरूममधून बाहेर पडायच्या आत इंजिनचं ऑइल गळायला लागलं. पंधरा दिवस आज देतो उद्या देतो चाललं, परतफेड नाही बदली गाडी नाही, इंजिन बदलून देतो म्हणे. ही बाई शोरूममध्ये गाडीच्या बॉनेटवर चढून बसली आणि रडत रडत पण अतिशय मुद्देसूद भांडली. व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. नवीन गाडी मिळाली, शिवाय तिने बोलता बोलता सांगितलं की कर्जाच्या नावाखाली तिच्याकडून वेगळी "सर्व्हिस फी" घेतली होती, त्याची चौकशी लागली आणि डीलरला दहा लाख युआन दंड झाला.

दुसरी शांघायची, एप्रिल २०२१ चा ऑटो शो. टेस्लाच्या स्टॉलवर एक बाई गाडीच्या टपावर चढली, टीशर्टवर लिहिलेलं "ब्रेक फेल". तिला पाच दिवस कोठडी. कंपनी आधी ताठ होती, मग सरकारी माध्यमांनी झोडल्यावर माफी मागितली. लोक म्हणाले जिंकली. पण पुढे कंपनीने बदनामीचा दावा लावला आणि कोर्टाने तिलाच सुमारे १,७०,००० युआन भरायला लावले, वर माफी मागायला.

आता बघा, दोघी गाडीवरच चढल्या. एकीचं ऑइल फरशीवर सांडलेलं सगळ्यांना दिसत होतं. दुसरीचे ब्रेक फेल झाले की नाही हे सिद्ध करायला डेटा लागत होता, आणि डेटा कंपनीकडे. खंबाटकीसाहेब, तुमची केस कुठल्या बाईची आहे ते आधी ठरवा.

खंबाटकी_वरचा_टप्पा
ताई हे वाचून पाच मिनिटं गप्प बसलो. माझी दुसरीची आहे. नऊ जॉबकार्डं आणि नऊवर "नो ट्रबल फाऊंड". म्हणजे कागद सगळे त्यांच्याच बाजूने बोलतायत.

साबुदाणा_वडा
मुळात डीसीटी घेतली कशाला? मॅन्युअल घ्यायची, डाव्या पायाला एवढा काय आळस.

खंबाटकी_वरचा_टप्पा
माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. विकताना ब्रोशरवर "घाटात जाऊ नये" असं छापलं असतं तर नसती घेतली. अजून काही?

साबुदाणा_वडा
सॉरी. पर्सनल घेऊ नका.

ग्रीस_लागलेला_हात
मी अकरा वर्षं सर्व्हिस ऍडव्हायजर होतो, दोन ब्रँडला, आता स्वतःचं गॅरेज आहे. आतली गोष्ट सांगतो.

आधी गाडीचं. ह्या गाडीत क्लच कोरडा असेल, म्हणजे तेलात बुडालेला नाही, हवेवर थंड होतो. चढावर तुम्ही ब्रेक सोडून ऍक्सिलेटर न देता सरकता तेव्हा क्लच धड लागलेला नसतो धड सुटलेला नसतो, घासत राहतो. मॅन्युअलमध्ये तुम्ही हाफ क्लच दाबून धरला तर वास येतो आणि शेजारचा ओरडतो, इथे ते काम काँप्युटर करतो आणि कोणी ओरडत नाही. तापमान एका हद्दीपुढे गेलं की गाडी स्वतःला वाचवायला ताकद काढून घेते. वीस मिनिटांत गार झाली की नॉर्मल. म्हणून वर्कशॉपला सापडत नाही, तिथे येईपर्यंत गाडी गारच असते. थोडं गरम होणं हा त्या डिझाइनचा स्वभाव आहे, पण पंधरा मिनिटांत ताकद जाणं हे नॉर्मल नाही, ऍक्च्युएटर (क्लच हलवणारा भाग) किंवा क्लचचं ऍडजस्टमेंट गंडलेलं असू शकतं, सॉफ्टवेअर जुनं असू शकतं. न बघता ह्यापेक्षा जास्त सांगणार नाही.

आता वर्कशॉपचं. वॉरंटीत काम केलं की पैसे डीलरला कंपनी देते, बाहेरच्या गिऱ्हाइकापेक्षा कमी रेटने, आणि काढलेला पार्ट परत मागवते. कंपनीच्या माणसाने म्हटलं ह्यात फॉल्ट नव्हता, तर क्लेम रिजेक्ट, क्लचचे पैसे डीलरच्या बोकांडी. स्कॅनरला कोड नसताना कुठला ऍडव्हायजर स्वतःच्या सहीने लाखभराचा पार्ट काढेल? मी पण नाही काढला कधी. गोड बोलायचं, गाडी धुऊन द्यायची. हे ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवत नाही, आपोआप येतं.

तेव्हा तुम्ही काय करायचं. एक तर जॉबकार्ड उघडताना ऍडव्हायजर "जर्क" एवढंच लिहितो, त्याला तसं लिहू द्यायचं नाही. तुमच्या शब्दांत लिहून घ्या, कुठे, किती माणसं गाडीत, किती मिनिटांनी, काय मेसेज, आणि मगच सही. मेसेज आला की शेजारच्याला व्हिडिओ काढायला सांगा, त्यात मीटर, घड्याळ आणि बाहेरचा रस्ता एकाच शॉटमध्ये आला पाहिजे. आणि लेखी मागणी करा की रोड टेस्ट घाटात हवी, शनिवारी संध्याकाळी, एसी चालू, पाच माणसं बसवून, लॅपटॉप लावून. ते टाळतील. टाळलं की त्याचाही मेल मागा.

जर्सी_मावशी
आमच्याकडे अमेरिकेत ह्याला लेमन म्हणतात, बिघडका माल. कनेटिकटने १९८२ ला पहिला लेमन लॉ केला, मग सगळ्या राज्यांनी. न्यू जर्सीत नवीन गाडी पहिल्या दोन वर्षांत किंवा २४,००० मैलांत, जे आधी होईल ते, तीनदा एकाच दोषासाठी नेऊनही सुधारली नाही, किंवा सगळे मिळून वीस दिवस वर्कशॉपला पडली, तर कंपनीने परत घ्यायची असा कायदा. माझ्या दिराने अशी गाडी कंपनीला परत दिलीय. पण कायदा यायच्या आधी इथेही लोक गाडीवर पिवळी लिंबं रंगवून डीलरच्या दारात उभी करायचे. आपल्याकडे बरं नव्या गाडीला आधीच लिंबू-मिरची बांधतात, म्हणजे कंपनीला पूर्वसूचना.

चिवडा_विथ_चहा
मावशी लिंबाचा मुद्दा फ्लेक्सवर घेण्यात येत आहे.

काळाकोट_पिवळीफाईल
वकील आहे, ग्राहक आयोगात उभा राहतो, इथे फुकट बोलतोय तेव्हा फार विचारू नका.

भारतात लेमन लॉ नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, २० जुलै २०२० पासून लागू. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, कंपनीच्या गावाला जायचं नाही. साडेसतरा लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. चारशे. फ्लेक्सला किती गेले? मुदत दोन वर्षं, तुमचे चौदा महिने गेलेत, झोपू नका. डीलर आणि कंपनी दोघांनाही पार्टी (प्रतिवादी) करा, नाहीतर डीलर म्हणतो दोष कंपनीचा आणि कंपनी म्हणते डीलर स्वतंत्र आहे, आणि तुम्ही मध्ये टांगलेले.

गोड स्वप्नं बघू नका हेही सांगतो. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल असं लिहिलंय, प्रत्यक्षात वर्षं जातात. आणि सगळेच "नवीन गाडी द्या" म्हणून येतात, पण सुप्रीम कोर्टाने २००६ ला मारुतीच्या क्लचच्याच केसमध्ये सांगितलंय की पार्ट बदलून भागत असेल तर अख्खी गाडी बदला म्हणता येत नाही. तेव्हा मागणी क्रमाने लिहा, आधी क्लच-गिअरबॉक्स बदला आणि वॉरंटी वाढवा, ते जमत नसेल तर पैसे परत. दोष डोळ्यांना दिसत नसेल तर आयोग गाडी तपासायला लॅबकडे पाठवू शकतो. उलट २०२२ ला ह्युंदाईच्या एअरबॅगच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं की गिऱ्हाइकाने काही फिजिक्सचा तज्ज्ञ असण्याची अपेक्षा नाही, समोरून एवढा मार लागून एअरबॅग उघडली नाही हे पुरेसं बोलकं आहे. पण तिथे चेपलेली गाडी समोर होती. चाकणच्या ताईंनी दोन बायकांचं सांगितलं ते कायद्याच्या भाषेत हेच.

निदर्शनांबद्दल. पुण्यात पोलिसांचे जमावबंदीचे आदेश अधूनमधून असतातच, ताशा-मिरवणूक विनापरवाना नको. "फसवी कंपनी", "चोर" लिहिलंत की बदनामी. "माझी गाडी अमुक तारखेला अमुक ठिकाणी बंद पडली, नऊ वेळा दाखवली" हे खरं आहे, ते लिहा, कोणी हात लावणार नाही.

धुरळा
१९१५ ला पण फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलतात. एकट्याचा फोन म्हणजे काही नाही पण तिथे आकडा साठतो. ओलाच्या बाबतीत एका वर्षात १०,६४४ तक्रारी साठल्या तेव्हा ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली. कंपनी नंतर म्हणाली त्यातल्या ९९.१ टक्के सोडवल्या. त्याच्या आदल्या महिन्यात कलबुर्गीला एका पोराने शोरूमच पेटवलं होतं, दुरुस्तीला हेलपाटे घालून वैतागून. तो आत गेला, गाडी काय दुरुस्त झाली नसेल.
रिकॉलचंही तसंच, १ एप्रिल २०२१ पासून नियम आहे, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबद्दल ठराविक संख्येच्या वर तक्रारी आल्या तर सरकार रिकॉल लावू शकतं, दंड १० लाख ते १ कोटी. पण लोक व्हॉट्सऍप ग्रुपवर रडतात, पोर्टलवर तक्रार करत नाहीत. हे आपलं कायमचं. हजार लोक एकाच खड्ड्यात पडणार आणि प्रत्येकाला वाटणार आपलंच नशीब.

टॉर्क_रेंच
फिनलंडचा राहिला की. २०२१ च्या डिसेंबरमध्ये एकाने जुनी टेस्ला मॉडेल एस ३० किलो डायनामाइट लावून उडवली, बॅटरी बदलायला २०,००० युरोच्या वर सांगितले म्हणून. बर्फात उभी केली, आत कंपनीच्या मालकाचा पुतळा बसवला, आणि धडाम.

ग्रीस_लागलेला_हात
त्यात पण स्पेअर वाया गेले. दरवाजे विकले असते तरी काही आले असते.

मुंबईचा_जावई
ग्राहक पंचायतीकडे जा ना कोणीतरी. पुणेकरांनो तुमच्याच गावात १९७४ ला बिंदुमाधव जोशींनी सुरू केली, मुंबई ग्राहक पंचायत पुढच्या वर्षीची. माझे सासरे मुंबईच्या पंचायतीचे जुने सभासद, गहू-तांदूळ वाटपापासून. ते गाड्यांच्या भानगडीत स्वतः पडत नाहीत पण मला वॉशिंग मशीनच्या वेळी एकच गोष्ट सांगितली, फोनवर बोललेलं सगळं त्याच रात्री मेलवर लिहून पाठवायचं, "आज आपण फोनवर असं असं म्हणालात". समोरच्याने नाही म्हटलं नाही की झालं तुमचं काम. अहो मशीन बदलून आलं.

खंबाटकी_वरचा_टप्पा
अपडेट (तीन आठवड्यांनी).

गाढव रद्द. ताशा रद्द, त्याने ऍडव्हान्स परत दिला नाही. नवीन फ्लेक्स केला, काळाकोट म्हणाले तसा, नुसत्या नऊ तारखा, नऊ जॉबकार्ड नंबर आणि शेवटी "दोष सापडला नाही". कुठेही शिवी नाही, गाढव नाही, कंपनीचं नावही नाही, नाव गाडीवर आहेच की. रविवारी सकाळी शोरूमसमोर रस्त्याच्या पलीकडे जिथे पार्किंग चालतं तिथे उभी केली, मागच्या काचेवर फ्लेक्स, मी आत बसून पेपर वाचतोय. बायको आली नाही, पण डबा दिला.

पहिला अर्धा तास कोणी ढुंकून बघितलं नाही, खरं सांगतो, फार लाज वाटली. मग एक काका स्कूटर थांबवून मोठ्याने एकेक तारीख वाचायला लागले, शाळेत हजेरी घेतात तशी. नववी झाल्यावर म्हणाले, "आणि दहावीला?" पाच-सहा लोक जमले. तेवढ्यात एक कुटुंब शोरूममध्ये जायला आलं होतं, त्यातल्या आजी आधी माझ्याकडे आल्या, विचारलं काय झालं, सगळं ऐकून घेतलं आणि पोराला म्हणाल्या, "आपण जरा चहा घेऊन येऊ." ते परत आले नाहीत, निदान मी असेपर्यंत.

त्यानंतर दहा मिनिटांत सेल्स मॅनेजर स्वतः रस्ता ओलांडून आला, हातात पन्हं. सर आत बसून बोलू. मी म्हटलं इथेच बोलू, पन्हं चालेल. त्याचा घसा कोरडा पडला होता, पन्हं त्याला दिलं. मग ट्रॅफिक हवालदार आला, फ्लेक्स वाचला, आणि हळूच म्हणाला माझ्या मेव्हण्याकडे पण हीच आहे, पण तुम्ही बाराच्या आत काढा. मी पावणेबाराला काढली.

पण काम झालं ते त्याने की मेलने, मला खरंच सांगता येणार नाही. शुक्रवारीच मी घाटातले तीन व्हिडिओ आणि रोड टेस्टची मागणी कंपनीच्या हेड ऑफिसला पाठवली होती, १९१५ वरच्या तक्रारीचा नंबर टाकून. सोमवारी दुपारी फोन आला, कंपनीचा एरिया टेक्निकलवाला येतोय.

आला, शनिवारी संध्याकाळी. खंबाटकीला पाच माणसं, एसी फुल, लॅपटॉप त्याच्या मांडीवर. नेमकं त्या दिवशी ट्रॅफिकच नाही! आयुष्यात पहिल्यांदा मी खंबाटकीत ट्रॅफिक लागावं म्हणून नवस बोललो. वळसा घालून परत आलो, दुसऱ्या फेरीला एक कंटेनर बंद पडलेला, रांग लागली. एकोणिसाव्या मिनिटाला गचका. तो पोरगा काहीच बोलला नाही, नुसता स्क्रीनचा फोटो काढला. मग म्हणाला, "सर, हे बरोबर नाहीये." चौदा महिने ह्या एका वाक्यासाठी फिरत होतो हो. मागून आई म्हणाली, त्याला चिवडा दे.

दहाव्या जॉबकार्डवर आता लिहिलंय, क्लच असेंब्ली रिप्लेसमेंट, अंडर वॉरंटी. पार्ट मात्र आलेला नाही, बॅक ऑर्डर. गाडी तिथेच पडून, आज अकरावा दिवस. मी रिक्षाने फिरतोय.

काळाकोट_पिवळीफाईल
पार्ट बसेपर्यंत नोटीस तयार ठेवा. आणि अकरा दिवस गाडी त्यांच्याकडे होती ह्याची पोच घ्या.

ग्रीस_लागलेला_हात
क्लच बसवल्यावर नवीन सॉफ्टवेअर टाकून रीलर्निंग (काँप्युटरला नव्या क्लचची ओळख करून देणं) केलंय का विचारा, नाहीतर पंधरा दिवसांत परत गचके. जुना क्लच काढलेला डोळ्यांनी बघा, फोटो काढा. निळा पडला असेल तर समजा.

बेलदारवाडा
गाढव वाचलं, समाधान.

नवीन_सभासद_४४
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. गाडीचं वर्णन वाचून वाटतंय माझी पण तीच गाडी, मॉडेल व्यनित कळवा. माझी अणुस्कुरा घाटात बंद पडते, सहा जॉबकार्डं, सहाही ओके. मी कोल्हापूरचा. तुमचा तो पहिला फ्लेक्स, गाढववाला, वापरलेला नाही तर मला देता का? आमच्या हितं गाढव ओळखीतलं आहे.

खंबाटकी_वरचा_टप्पा
आधी वरचे ग्रीसभाऊ आणि काळाकोट दोनदा वाचा. व्हिडिओ आहेत का? १९१५ ला नोंद केलीय का? तेवढं करा मग फ्लेक्स घेऊन जा, माळ्यावर गुंडाळून ठेवलाय. फक्त खाली माझा मोबाईल नंबर छापलाय तेवढ्यावर पट्टी लावा.